नरहरीची राक्षसगस्त

माणसानं शब्द जपून द्यावा. नातीला द्यायचा असला तर आधी घोटभर पाणी प्यावं, दोन मिनिटं थांबावं, मग द्यावा. नरहरीभाऊंनी ना पाणी प्यायलं, ना ते थांबले. त्यातून पुढचं सगळं झालं.

रविवार होता. मुलगा पराग नव्या रायपूरहून बायको-मुलीला घेऊन जुन्या रायपुरातल्या गुढियारीच्या घरी जेवायला आला होता. जेवणं झाली, आणि तेरा वर्षांची निधी कोपऱ्यातल्या खुर्चीत मोबाईल घेऊन बसली ती बसलीच. आजी-आजोबा मराठीत काही विचारत, पोरगी मान न उचलता हिंदीत उत्तर देई. त्यातही "हाँ" आणि "नहीं" हीच उत्तरं. तीन रविवार ती आलीच नव्हती. परागनं ओशाळून सांगितलं होतं, "बाबा, तिले इथं बोर होते."

नरहरीभाऊ खुर्चीजवळ सरकले. "काय पाहून राहिली बापा?"

"राक्षस पकड़ रही हूँ."

मग कळलं ते असं. मोबाईलमध्ये आपल्याच गावाचा नकाशा येतो. आपण खरोखर पायानं चालायचं. चालता चालता नकाशावर राक्षस दिसतो. कॅमेरा लावला की तो आपल्यासमोर, खऱ्या जमिनीवर उभा असल्यासारखा दिसतो. बोटानं जाळी फेकून त्याला धरायचं. आणि पंधरा दिवसांनी रविवारी, तीन ते पाचच्या मध्ये, 'महाघोर' नावाचा मोठा राक्षस नव्या रायपुरात निधीच्या घराजवळ येणार होता. तो एकट्यादुकट्याला आवरत नाही. पाच जण एकाच वेळी लागतात.

"मग धर ना त्याले!"

"कैसे? वहाँ तो सिर्फ़ सड़कें हैं आजोबा. आदमी कहाँ हैं?" आणि हे बोलताना तिचा आवाज जरासा ओला झाला.

"आदमी मी आणतो," नरहरीभाऊ म्हणाले. "पाच जण. माहा शब्द."

निधीनं त्या दिवशी पहिल्यांदा मान वर केली. आजोबांकडे पाहिलं, त्यांच्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, "रहने दो. आप बोलते हो, होता नहीं."

हे लागलं. नरहरीभाऊ रेल्वेत एकतीस वर्षं चावीवाले होते. चावीवाला म्हणजे रोज सकाळी खांद्यावर हातोडा घेऊन सहा किलोमीटर रूळ पायी तपासणारा माणूस. रुळाला धरून ठेवणारी लोखंडी चावी सैल दिसली की ठोकायची आणि पुढं जायचं. एकतीस वर्षांत त्यांनी एक गस्त चुकवली नव्हती, आणि ही पोट्टी म्हणते, होत नाही!

"नियम लिहून दे," ते म्हणाले, आणि त्यांनी आपलं जुनं रजिस्टर काढलं.

निधीनं पिच्छा सुटावा म्हणून रजिस्टरच्या मागच्या पानावर नवशिक्यासाठी अकरा सूचना भराभर खरडल्या. नरहरीभाऊंनी चष्मा लावून एकेक ओळ बोट फिरवत वाचली आणि खाली सही केली: 'वाचले, समजले.' रेल्वेत नवा हुकूम आला की अशी सही करावी लागे. पहिली काही वर्षं त्यांनी तिथं अंगठाच उठवला होता. बत्तिसाव्या वर्षी विमलाबाईंनी परागच्या पाटीवर त्यांना अक्षरं शिकवली, तेव्हापासून सही. ज्याला अक्षर उशिरा भेटतं तो ते हलकं घेत नाही. तुम्हीआम्ही सूचना वाचतो आणि सोडून देतो. नरहरीभाऊंच्या लेखी, लिहिलं म्हणजे ते पाळायचं.

सोमवारी सकाळी खेळ मोबाईलमध्ये उतरवला. त्यानं मराठीत जन्मसाल विचारलं. सालांचं एक चाक होतं, ते बोटानं फिरवत मागं न्यायचं होतं. नरहरीभाऊंचं बोट हातोड्याचं. ते चाक एक-दोनदा फिरून दोन हजार एकोणीसवर थांबलं, आणि धक्का लागून 'पुढे' दाबलं गेलं. झालं. खेळ म्हणाला, 'अरे वा, छोट्या दोस्ता! आई किंवा बाबांना बोलव.'

नरहरीभाऊंची आई जाऊन अठ्ठावीस वर्षं झाली होती.

शेजारच्या शामरावांना बोलावलं. शामराव एका सरकारी कचेरीतून मोठे बाबू म्हणून निवृत्त झालेले. कोणत्याही संकटात अर्ज करावा, हे त्यांचं आयुष्यभराचं तत्त्व. त्यांनी खेळवाल्यांना वयदुरुस्तीचा अर्ज धाडला, सोबत आधार कार्डाचा फोटो जोडला. दोन दिवसांनी उत्तर आलं: 'प्रिय पालक, आपल्या मुलानं स्वतःचं वय अडुसष्ट सांगितलं आहे. मुलं असं का करतात हे समजून घ्या. त्यांच्याशी प्रेमानं बोला.'

"बोला आता प्रेमानं," शामराव विमलाबाईंना म्हणाले.

दुसरा इलाजच नव्हता. पालक म्हणून विमलाबाईंची नोंद झाली. नातं: आई. सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात नरहरीभाऊंच्या मानेला इतका खाली झुकायचा प्रसंग आला नव्हता. वर अट अशी, की मुलाला दिवसाला एकच तास खेळायला मिळेल. जास्त हवं तर पालकानं फोनमध्ये बोलून परवानगी द्यायची. काय बोलायचं ते पालकालाच ठाऊक. तास संपला की खेळ म्हणे, 'शाब्बास बाळा, आता पुरे.' मग नरहरीभाऊ फोन घेऊन ओट्यापाशी उभे राहत. विमलाबाई हात पुसत, फोन घेत, स्वयंपाकघराचं दार आतून लावत. मिनिटभरानं दार उघडे आणि फोन चालू झालेला असे.

"आत काय करतं तू?"

"तुमाले काय करायचं? चालू झाला ना?"

नरहरीभाऊंनी दाराला कान लावून पाहिला. कुकरची शिट्टी तेवढी ऐकू आली.

पहिली सूचना होती, 'जो दिखे उसे पकड़ो.' पहिला राक्षस घरातच निघाला. विमलाबाई मेथी निवडत बसल्या होत्या.

"हलू नको," नरहरीभाऊ फोन रोखून हळूच म्हणाले. "तुह्या डोक्यावर हाये."

"काय हाये?"

"जांभळा. दोन शिंगं हायेत."

मेथी एकीकडे, परात दुसरीकडे आणि विमलाबाई मोरीत. राक्षस सुटला तो सुटलाच. पुढं विमलाबाईंनी स्वतःच फोनात डोकावून त्याला पाहिलं आणि त्यांचा राग पळाला. "अगाई, हा तर तुमच्या भार्गव मावसभावासारखा दिसते! तेच गाल!" तेव्हापासून त्यांना ह्या कामात रस आला. त्या राक्षसांना सासरकडची नावं देऊ लागल्या. आठवड्याच्या आत नरहरीभाऊंचं अर्धं खानदान जाळ्यात आलं, आणि विमलाबाईंनी आपल्या फोनवरही खेळ घेतला. त्यांनी जन्मसालाचं चाक मात्र नीट फिरवलं. म्हणजे दोन माणसं झाली. निधी तिसरी.

शामराव चौथे. ते आधी सल्लागार म्हणूनच राहणार होते. चौथी सूचना होती की खेळातलं अंडं आपण चाललो तरच फुटतं. दहा किलोमीटर चाला, आतून नवा राक्षस निघेल. शामराव म्हणाले, "नरहरीभाऊ, काहून पाय तोडता? फोन पंख्याले बांधा. तो फिरते, अंडं फुटते."

"खोटी गस्त मी भरत नसतो," नरहरीभाऊ म्हणाले, आणि त्यांनी पहाटे गुढियारीहून तलावापर्यंत दोन फेऱ्या सुरू केल्या. गुडघे कुरकुरत, पण अंडं फुटे. शामरावांनी हट्टानं स्वतःच्या फोनवर खेळ घेतला आणि फोन दूधवाल्याच्या मोटारसायकलला बांधून दिला. संध्याकाळी फोन दुधानं माखून परत आला. वर संदेश होता: 'आपण वाहन चालवत आहात. कृपया खेळू नका.' अंडं जसंच्या तसं. त्यानंतर शामरावही चालायला लागले, पण मागून.

सदर बाजारात घडलं ते मात्र नरहरीभाऊ कुणाला सांगत नाहीत. मी सांगतो. विमलाबाईंच्या जोडव्यांना डाग द्यायला दोघं मित्र गेले होते. वाटेत एका सोनाराच्या दुकानापाशी फोन थरथरला. पहिली सूचना: जो दिखे उसे पकड़ो. नरहरीभाऊ गर्दीत पाय रोवून उभे राहिले आणि त्यांनी फोन दुकानाच्या आत रोखला. मागं स्कूटरांची रांग लागली, भोंगे वाजले. आतला सोनार पाच मिनिटं पाहत राहिला, मग त्यानं दारावरच्या पहारेकऱ्याला खूण केली.

"चाचा, दुकान का फोटो काहे ले रहे हो?"

"फोटू नाही. पकड़ रहे हैं."

"किसको?"

शामरावांना वाटलं, आपण बोललो तर बरं होईल. ते पुढं होऊन म्हणाले, "देखिए, ये रिटायर हो गए हैं. अब इस लाइन में आए हैं."

आत नेऊन बसवण्यात आलं. सोनार शांत माणूस होता. त्यानं फोन मागितला आणि त्यात पाहिलं. त्याच्याच गादीवर, त्याच्याच मांडीवर, हिरवा, ढेरपोट्या, तीन डोळ्यांचा एक जण ठाण मांडून बसला होता. सोनाराचा चेहरा उतरला. तीन महिने धंदा मंदा होता.

"कब से बैठा है?" त्यानं हळूच विचारलं.

"हमको तो आज दिखा," नरहरीभाऊ प्रामाणिकपणे म्हणाले.

"पकड़ो. ग्राहक आने के पहले पकड़ो."

तिसऱ्या जाळीत धरला. सोनारानं चहा मागवला. मग तिजोरीकडे फोन फिरवून पाहायला लावलं, माळ्यावर पाहायला लावलं, आणि शेवटी म्हणाला, लिहून द्या. शामरावांना आणखी काय हवं होतं! त्यांनी दुकानाच्याच कागदावर दाखला लिहिला की सदर दुकानाची आज तपासणी केली असता एक नग राक्षस आढळला, तो हटवण्यात आला असून आता दुकान निर्दोष आहे. खाली दोघांच्या सह्या. तो कागद म्हणे सोनारानं गल्ल्याच्या वर लावला आहे. जोडवी मात्र तशीच डागाविना घरी आली.

इतकं होईतो आठ दिवस गेले आणि खरी अडचण वर आली. महाघोर जिथं येणार ती जागा नकाशावर दिसू लागली. नव्या रायपुरातल्या एका सरकारी आवारात चौथऱ्यावर जुना रोड रोलर ठेवलेला आहे, बरोबर तिथं. आवाराला भिंत, भिंतीला फाटक, रविवारी सगळं बंद. खात्याचं नाव सांगत नाही. त्यांच्या नकळत हे त्यांच्या दारी आलं होतं.

"अर्ज करू," शामराव म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते.

अर्ज तीन प्रतींत गेला. प्रवेशाचा उद्देश: राक्षस पकडणे. खिडकीतल्या बाबूनं तो दोनदा वाचला, शिक्का मारला आणि कीड-मुंगी फवारणीच्या टेबलाकडे पाठवला. चौथ्या दिवशी शामरावांच्या पत्त्यावर उत्तर आलं: 'परिसर में राक्षस होने का कोई अभिलेख उपलब्ध नहीं है. आवेदक पहले प्रमाण प्रस्तुत करे.'

"भाषा पाहा," शामराव कौतुकानं म्हणाले. "मी असतो तर हेच लिहिलं असतं."

पण नरहरीभाऊ रजिस्टर उघडून बसले होते. अकरावी सूचना: 'बड़े राक्षस से चालीस कदम के अंदर खड़े रहो.' चाळीस पावलं! आता पाऊल मोजायचं म्हटलं तर अख्ख्या रायपुरात नरहरीभाऊंचा हात कोण धरणार? एकतीस वर्षं ज्यांनी रुळाखालचे स्लीपर मोजत दिवस काढले, त्यांचं पाऊल फूटपट्टीसारखं एकसारखं पडे. शनिवारी ते बसनं नव्या रायपूरला गेले, फाटकाच्या गजांतून रोलर पाहिला, आवाराच्या कडेनं चालत हिशेब बांधला आणि भिंतीबाहेर एका जागी खडूनं फुली मारली. रोलरपासून अडतीस पावलं. फाटकाच्या बाजूलाच, सरकारी रस्त्यावर. कुणाची परवानगी नको.

राहिला पाचवा माणूस. शामरावांच्या पत्नी इंदूताई तयार झाल्या. रविवारी बारा वाजता चौघं बसमध्ये चढली, आणि बस सुटता सुटता इंदूताईंना आठवलं की गॅसवर दूध ठेवलंय. त्या उतरल्या. पुढची बस थेट साडेचारला.

तीन वाजता फुलीपाशी चौघंच होती. निधी घरून चालत आली होती. तिनं एकेक माणूस मोजलं. मग परत पहिल्यापासून मोजलं. नरहरीभाऊंना ती बोलली असती तर बरं वाटलं असतं.

रुंद रस्ता, दोन्ही बाजूंना झाडांची रोपं, आणि माणूस म्हणून नाही. गाड्या येत, सर्रकन जात. नरहरीभाऊंनी हात करून तीन गाड्या थांबवल्या. "भैया, राक्षस पकड़ोगे? पाँच मिनट का काम है." तिन्ही गाड्या आल्या त्यापेक्षा जास्त वेगानं गेल्या. साडेतीन झाले. चार झाले. भिंतीपलीकडे रोलरवर, फोनात, महाघोर उभा होता. चार हात, तोंडातून जाळ. विमलाबाई म्हणाल्या, "हे तर आत्याबाई." पण कुणी हसलं नाही.

साडेचारला फाटक करकरलं. आतला चौकीदार गजांशी आला. "ए काका, इहाँ खड़ा होना मना है. दू घंटा से देखत हँव."

नरहरीभाऊंनी उत्तर द्यायच्या आधी निधीचं लक्ष त्याच्या हाताकडे गेलं. हातातला फोन जाळानं लाल दिसत होता.

"भैया, आप भी खेलते हो?"

चौकीदार गडबडला. त्यानं फोन पाठीमागं नेला. त्याचं नाव शंकर. आठ तास रोलरसमोर बसणं हीच त्याची नोकरी, आणि रोलर हाच ह्या भागातला खेळाचा अड्डा. बिचाऱ्यानं करावं काय? तो खेळात पस्तिसाव्या पायरीवर होता. सगळ्या नव्या रायपुरात सर्वांत वर. आणि त्यालाही पाच माणसं मिळत नव्हती.

"तो आओ ना!" निधी ओरडली. "आप पाँचवें!"

"हव, फेर गेट नइ खोलँव," शंकर म्हणाला. "ड्यूटी है."

"नका खोलू," नरहरीभाऊ म्हणाले. "ड्यूटी सोडायची नाही. तिकूनच मारा."

असे गजांच्या आत एक आणि बाहेर चार, पाच जण उभे राहिले. पाच वाजायला बारा मिनिटं होती. निधी म्हणाली, "रेडी?" नरहरीभाऊंनी बोट उचललं, आणि त्यांचा फोन म्हणाला, 'शाब्बास बाळा, आता पुरे.'

पाचव्या माणसाची वाट पाहण्यात आजचा तास संपला होता.

"विमला, परवानगी दे लवकर!"

विमलाबाईंनी फोन घेतला आणि इकडंतिकडं पाहिलं. स्वयंपाकघर नव्हतं. दार नव्हतं. होता तो रुंद, उघडा, सरकारी रस्ता. त्यांचा चेहरा लाल झाला.

"माह्यानं नाही होणार."

"क्यों दादी? बोलना क्या है?"

विमलाबाई पदराशी चाळा करत राहिल्या. मग निधीच्या कानात काहीतरी बोलल्या. निधीनं डोळे मोठे केले. "बस? आजोबा का नाम? बच्चे का नाम बोलना है, बस इतना? तो बोलो ना!"

आता शामरावांना समजलं, ते घसा खाकरून दुसरीकडे पाहू लागले. विमलाबाईंनी सत्तेचाळीस वर्षांत नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. लग्नात घास भरवताना एकदा घेतलं होतं, तेही बँडच्या आवाजात कुणाला ऐकू आलं नाही, नवऱ्यालाही नाही. घरी त्या 'अवो' म्हणत, बाहेर 'हे' म्हणत, रेशनच्या दुकानात कार्ड पुढं करत. आणि गेले दहा-बारा दिवस, रोज, दार लावून, कुकरच्या शिट्टीआड त्या फोनला ते नाव सांगत होत्या.

"वहिनी, सात मिनिटं," शामराव आकाशाकडे पाहत म्हणाले.

विमलाबाईंनी पदर डोक्यावर घेतला, फोन तोंडाशी नेला आणि कुजबुजल्या. 'आवाज स्पष्ट नाही,' फोन म्हणाला. 'पुन्हा बोला.' परत कुजबुजल्या. तेवढ्यात एक ट्रक भोंगा वाजवत गेला. 'पुन्हा बोला.' निधीच्या डोळ्यांत पाणी जमायला लागलं. तिनं आजीचा पदर धरला आणि पहिल्यांदा, आपोआप, तिच्या तोंडून मराठी निघालं, "आजी, घे ना वो नाव."

विमलाबाईंनी एकदा नातीकडे पाहिलं. मग हळदीकुंकवाला उभ्या राहतात तशा ताठ उभ्या राहिल्या आणि रस्ताभर ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"एकतीस वर्षं रुळावर चावी ठोकली खरी,
आता राक्षस पकडायला निघाले नरहरी!"

शामरावांनी टाळी वाजवली. गजांआड शंकरनं शिट्टी मारली. त्याला कळलं काहीच नव्हतं, पण सुरावरून कळलं. फोन उघडला. "मारो!" निधी किंचाळली, आणि पाच जण आपापल्या फोनवर बोटं आपटू लागले. महाघोरचे चार हात एकेक करून खाली आले. पाचला दोन मिनिटं असताना तो रोलरवरून कोसळला.

आता जो तो आपली जाळी फेकून त्याला धरू शकत होता. निधीनं दुसऱ्या जाळीत धरला आणि ती रस्त्यात नाचली. शंकरनं धरला. शामरावांनीही धरला. विमलाबाईंनी पहिल्याच जाळीत धरला. "या आत्याबाई," त्या म्हणाल्या.

पाच वाजले. महाघोर गेला.

"आजोबा, आपने?"

नरहरीभाऊ फुलीवर उभे होते. त्यांच्या हातात फोन तसाच होता. सहावी सूचना, 'जाली बचाकर रखो,' त्यांनी इतकी इमानानं पाळली होती की दोनशे चौदा जाळ्या शिल्लक होत्या. महाघोरवर एकही फेकली नव्हती. लढताना त्यांचं बोट चाललं होतं, मग महाघोर पडला आणि बोटाला सवड मिळाली, तेव्हा ते बायकोकडे पाहत राहिले होते.

"राहून गेलं बापा," ते म्हणाले.

"कोई बात नहीं," निधी म्हणाली. "अगले महीने फिर आएगा. तब तक मैं हर संडे आऊँगी, आपको ट्रेनिंग दूँगी. आप बहुत कच्चे हो."

"आणि इंदूताईंले गॅस बंद करून आणजा," विमलाबाई म्हणाल्या. "आणि हां, उद्यापासून एकच तास. जास्त मागायचा नाही. मी काय रोज रोज..." पुढचं पदराआडच राहिलं.

घरी आल्यावर नरहरीभाऊंनी रजिस्टर उघडलं. रेल्वेचा नियम असा, की काम राहिलं तर कारण लिहावं लागतं, आणि ते खरं लिहावं लागतं. त्यांनी चष्मा पुसला, एकेक अक्षर सावकाश काढलं:

'महाघोर. पकडला नाही. कारण: नावानं हाक आली.'

आणि खाली सही केली.